भुरीचा डावा कान

(दृश्य: ओसरी. बाज. बाजेला लागून सरकीच्या ढेपेचं अर्धं भरलेलं पोतं.)

हे पोतं भर वाटेत पडलंय. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो, पण ते हलवायची कुणाची टाप नाही. जमिनीवरून पोत्यावर, पोत्यावरून बाजेवर, अशी ती पायरी आहे. आणि ज्या बाईसाहेबांसाठी ती मांडलीय, त्या आत्ता चुलीमागे झोपल्या आहेत.

यवतमाळ जिल्हा. पांढरकवड्यापासून आत, कापूस आणि तुरीचं गाव. बाईसाहेब म्हणजे मांजर, नाव भुरी. वय चार वर्षं, पाय तीन.

(दृश्य: तुरीचं वावर. धुरा, म्हणजे शेताचा बांध.)

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की रानडुकरं उतरतात. मग धुऱ्यावर कुठे ना कुठे तारेचा फास लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. पण एका रात्रीत लोळवलेली तूर ज्यानं सकाळी पाहिली, त्याला कायदा सांगायला कोण जाणार? भुरी ज्यात अडकली तो फास कुणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली, डाव्या मागच्या पायात तार रुतलेली. तार निघाली, पण पंजा थंडगार होता, काळा पडत चाललेला, आणि त्याला वास सुटला होता. जवळच्या दवाखान्यात एकानं सल्ला दिला, "मांजरच आहे, दुसरं येईल." आजींनी टोपलीत भुरीला ठेवलं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि नातीला घेऊन नागपूरची एसटी धरली. तिथे सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं.

पाय काढावा लागेल हे आजींना कळलं होतं. कुठून काढणार, ते कळल्यावर मात्र त्या डॉक्टरांशी भांडल्या.

"पंजाच काळा पडला ना? मंग मांडीपासून काऊन कापता?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सरळ. खाली खुंट ठेवला तर मांजर तो टेकवून चालायला बघतं. तिथे गादी नसते. हाडावरची कातडी घासते, जखम होते, पुन्हा पुन्हा चिघळते. म्हणून पाय वरूनच काढतात. बघायला क्रूर वाटतं, पण मांजराला तेच सोयीचं.

त्यात एक बरं होतं. मांजराच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. मागचा पाय गेला तर चालणं लवकर सावरतं. पुढचा गेला तर उडी मारून उतरताना सगळा दणका उरलेल्या एका पायावर येतो.

(दृश्य: बांबूचं डालं, गोठ्यात टांगलेलं.)

टाके निघेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, उड्या बंद. गावात पिंजरा कुठून आणायचा? आजींनी बकरीच्या पिल्लांचं मोठं डालं काढलं. मांजर आत उभं राहील, वळेल, एवढं ऐसपैस. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन हवा होता. तो नातीनं घरातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा कापून केला. आजोबांच्या गुडघ्याचा एक्स-रे. उजेडाकडे तोंड केलं की भुरीच्या गळ्याभोवती आजोबांची वाटी दिसायची.

शेजारपाजारचे सल्ले सुरू झालेच. कुणी म्हणालं, हळद भरा. कुणी म्हणालं, दुखत असेल, तापाची अर्धी गोळी द्या. इथे थोडं थांबू, कारण ही अर्धी गोळी मांजराचा जीव घेते. आपल्या घरोघरी असणारी पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. मांजराला दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच, त्यांनी सांगितलं तेवढंच. जखमेवरही तसंच, हळद नाही, फिनाईलचा बोळा तर नाहीच.

दुखतंय हे कळायचं कसं? मांजर ओरडत नाही. ते कोपरा धरतं, खाणं टाकतं, अंग चाटायचं सोडतं. भुरीनं दीड दिवस तोंडात काही घेतलं नाही. मग आजींनी बाजारातली सुकी मासळी चुलीवर भाजली. वास डाल्यात शिरला आणि कोनासकट मान वर झाली.

पुढची अडचण शी-सूची. माती नको, टाक्यांना चिकटते. म्हणून संत्र्याच्या खोक्याचं बुटकं झाकण आणि त्यात फाडलेला पेपर. पण एका मागच्या पायावर बसायचं म्हणजे कसरत. भुरी बसली की डावीकडे कलंडायची, त्या पेपरातच. दोनदा असं झालं, मग आजींनी झाकण सरकवून त्याची डावी कड भिंतीला लावली. भुरी भिंतीला टेकून बसली. एवढंच. हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य: ओसरी, मग घरकुलाची खोली.)

सारवलेल्या ओसरीवर ती चौथ्या दिवशी सरळ चालली. पण मागच्या वर्षी घरकुलाची खोली झाली, तिला गुळगुळीत टाइल्स. घराचा अभिमान. त्या फरशीवर भुरीचा एकुलता मागचा पाय घसरायचा आणि ती पोटावर पडायची. आता अभिमानावर गोणपाट अंथरलंय, दारापासून खिडकीपर्यंत.

आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा ती पोत्याशी अडखळली, आणि आमच्या कॅमेरावाल्यानं पटकन हात पुढे केला.

"उचलू नोका बाप्पा. येऊ द्या तिच्या तिनं."

आली. तीन वेळा चुकून, चौथ्यांदा.

वजन वाढू द्यायचं नाही, कारण उरलेल्या सांध्यांना तेवढाच भार जास्त. दर रविवारी नात तिला पिशवीत घालून कापूस वेचणीच्या काट्याला टांगते आणि आकडा वहीत लिहिते. भुरीला हे अजिबात मान्य नाही. रात्री मात्र ती घरातच. गावच्या कुत्र्यांपुढे तीन पायांचं धावणं कमी पडतं.

(दृश्य: भुरीचा चेहरा, जवळून.)

आता हे बघा. डावा कान फडफडला. मान डावीकडे वाकली, डोळे मिटले. आणि डाव्या कुशीकडे कातडीखाली काहीतरी भराभर हलतंय. मांडीचा उरलेला तुकडा आहे तो. कान खाजवतोय. पाय नाही, पण खाजवणं चालू आहे. हवेत.

नातीला आधी वाटलं, झटका आला. आजी थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी बोट पुढे केलं.

"खाजून रायलं का वं?"

कानामागे बोट लागलं आणि मांडी आणखी जोरात हलायला लागली, बोटाच्या तालात.

खाज तेव्हा घरात सगळ्यांनाच होती. भाव वाढेल म्हणून कापूस आतल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. आजोबा पाठ दाराच्या चौकटीला घासायचे, नात दंड खाजवायची. भुरीचा उजवा कान तिचा ती बघायची. डावा आजींकडे.

(दृश्य: रिकामी खोली. झाडून काढलेली जमीन.)

मार्चमध्ये कापूस गेला. भाव वाढला नव्हता. खोली धुतली, गोधड्या उन्हात घातल्या, आठवड्यात सगळ्यांची खाज थांबली.

(दृश्य: संध्याकाळ. आजी बाजेवर. भुरी पोत्यावर चढते, मग बाजेवर.)

कानात काही नाही, आम्ही टॉर्च लावून पाहिलं. गोचीड नाही, मळ नाही. तरी दिवेलागणीला ती येते, डावा कान पुढे करून बसते, आणि आजींचा हात दुसऱ्या कामात असला तर डोक्यानं ढकलते.