प्रोग्रामिंग भाषांची भावकी: हॅस्केल, एल्म आणि प्युअरस्क्रिप्ट

नमस्कार मंडळी! आज विषय फंक्शनल प्रोग्रामिंगचा आहे, म्हणजे फंक्शनं एकमेकांना जोडत प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीचा, पण सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याचे नियम, शिकवणार नाही. बोलायचंय ते माणसांबद्दल. एका भाषेत रुळलेली माणसं दुसऱ्या भाषेत जातात तेव्हा सोबत काय घेऊन जातात?

हॅस्केलची सुरुवात 1987 ची. अमेरिकेत पोर्टलंडला परिषद भरली होती. प्रत्येक संशोधन गटाची आपापली लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशेब करणारी, भाषा होती, तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच करू असं ठरलं. 1990 मध्ये पहिली आवृत्ती आली. पुढे 2012 मध्ये इव्हान चॅप्लिकीनं एल्म आणली आणि 2013 मध्ये फिल फ्रीमननं प्युअरस्क्रिप्ट. दोन्ही भाषांतल्या कोडचं रूपांतर ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत होतं, आणि ते करणारे दोन्हींचे कंपायलर हॅस्केलमध्ये लिहिलेले. भावकीच ही!

आणि भावकी म्हटली की वाद आलेच. इथला जुना वाद टाइप क्लासचा. टाइप क्लास म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या (टाइपच्या) डेटासाठी एकच नाव वापरता येण्याची सोय. हॅस्केल आणि प्युअरस्क्रिप्टमध्ये ती आहे, एल्ममध्ये नाही.

[स्क्रीनवर कोड]

हे बघा. एल्ममध्ये यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवायचं तर लिस्ट डॉट मॅप. व्हॅल्यू असेल किंवा नसेल, तर मेबी डॉट मॅप. एरर येऊ शकते, तिथे रिझल्ट डॉट मॅप. हॅस्केलमध्ये या तिन्हींना एकच एफमॅप पुरतो, कारण मागे फंक्टर नावाचा टाइप क्लास आहे. त्यामुळे हॅस्केलवाला एल्ममध्ये आला की हमखास विचारतो, टाइप क्लास कधी येणार? जावास्क्रिप्टमधून आलेल्या माणसाला मात्र या प्रश्नाचा पत्ताच नसतो. त्याला तीन वेगळी नावं चालतात, उलट सोपी वाटतात.

मला इथे एल्मची बाजू पटते. पहिल्याच आठवड्यात फंक्टर समजून घ्यावा लागला असता, तर कितीतरी जणांनी फंक्शनल प्रोग्रामिंगचा नाद तिथेच सोडला असता. ज्यांना टाइप क्लासशिवाय करमत नाही, त्यांच्यासाठी प्युअरस्क्रिप्ट आहेच. फक्त तिथे आधीच मुरलेली मंडळी जास्त, त्यामुळे चर्चा वरच्या पातळीवरूनच सुरू होते. नवख्याला ते जड जातं.

2018 मध्ये एल्म 0.19 आली. स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये थेट जावास्क्रिप्टला जोडणारा कोड लिहिण्याची वाट बंद झाली. ती सोय फक्त एल्मच्या अधिकृत पॅकेजेसपुरती उरली. बरीच माणसं दुखावली. काहींनी प्युअरस्क्रिप्ट धरली, काही परत जावास्क्रिप्टकडे वळली.

पण एल्मनं दिलेली एक गोष्ट कुणालाच टाळता आली नाही, ती म्हणजे एरर मेसेज. समजा रेकॉर्डमधल्या, म्हणजे एकत्र ठेवलेल्या माहितीतल्या, एखाद्या फील्डचं (रकान्याचं) नाव लिहिताना एक अक्षर चुकलं. एल्मचा कंपायलर सरळ वाक्यात सांगतो की असं फील्ड मला सापडत नाही, आणि खाली जवळची नावं सुचवतो. तुम्ही लिहिलेली ओळ जशीच्या तशी दाखवतो, चूक कुठे आहे त्यावर खूण करून. एकदा ही सवय लागली की दुसऱ्या भाषेतला टाइपांच्या नावांनी भरलेला मेसेज वाचताना चिडचिड होते. ही चिडचिड मला फार मोलाची वाटते. ती बोलून दाखवणारी माणसं आली की जुन्या समुदायालाही आपल्या त्रासाकडे नव्यानं बघावं लागतं.

2016 मध्ये रस्ट या आणखी एका भाषेनं एररची मांडणी बदलली, तेव्हा एल्मपासून प्रेरणा घेतल्याचं उघडपणे सांगितलं होतं. मग रस्टच्या एरर कोडांच्या यादीवरून हॅस्केलवाल्यांनी धडा घेतला. हॅस्केलचा मुख्य कंपायलर जीएचसी; त्याच्या 2023 च्या 9.6 आवृत्तीपासून एररसोबत एक ओळख-कोड येतो. तो हॅस्केल एरर इंडेक्स या साइटवर शोधला की चुकलेला प्रोग्राम, दुरुस्त प्रोग्राम आणि मधलं कारण, तिन्ही वाचायला मिळतं. ही पानं हॅस्केल वापरणारी माणसंच लिहितात, आणि अनेक कोडांना अजून उदाहरणं हवी आहेत. हॅस्केल शिकताना एखाद्या एररनं तुमचा अख्खा दिवस खाल्ला असेल, तर तिचं उदाहरण तिथे नक्की लिहा.