नऊ घड्यांचा कपडा

(पडदाभर दोन हात. टेबलावर पांढरा सुती कपडा.)

या कपड्याच्या घड्या मोजा. आधी उभे तीन भाग, मग आडवे तीन. उघडला की नऊ चौकोन दिसतात. हे हात चर्चच्या सिस्टरचे आहेत. त्यांची एकही घडी बाहेरच्या बाजूला पडत नाही. प्रत्येक घडी आत.

थोड्या वेळाने हा कपडा वेदीवर पसरला जाईल. त्यावर ख्रिस्तप्रसादाची थाळी आणि द्राक्षारसाचा पेला ठेवला जाईल. प्रसादाचा बारीकसा कण कपड्यावर सांडला, तर तो घडीच्या आतच राहावा, जमिनीवर पडू नये, म्हणून ही काळजी. कपडा धुतानाही पहिलं पाणी मोरीत सोडत नाहीत. ते मातीत, झाडाच्या मुळाशी ओततात. ज्या घरात निर्माल्य पायदळी येऊ देत नाहीत, त्या घरातल्या माणसाला ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही.

चर्चमध्ये पाहुणा म्हणून जाताना कसं वागावं, हे सांगायला आम्ही ही फिल्म करायला घेतली. सुरुवात दरवाजापासून करायची ठरली होती. पण या खोलीत आलो, हे हात पाहिले, आणि ठरवलं, इथूनच सुरू करायचं.

(वसईची वाडी. धुकं. केळी, पानवेली, विहीर. चालत निघालेली माणसं.)

रविवार. वसई. पहिल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, निघालेली ही वसईची ख्रिस्ती माणसं. कुपारी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत. लाल लुगड्यातल्या या आजी देवाशी बोलतात ते मराठीत, आणि घरात बोलतात ती त्यांची कुपारी बोली. मुद्दाम सांगतोय, कारण चर्च म्हटलं की आपल्यातल्या अनेकांची भाषा एकदम बदलते. दारात उभे राहून आपण तोडक्या इंग्रजीत विचारतो, आत येऊ का? मराठीतच विचारा. उत्तर मराठीतच मिळेल.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरची दोनशे पाच वर्षं इथे त्यांची सत्ता होती. किल्ला उभा राहिला, किल्ल्याच्या आत आणि बाहेर चर्च बांधली गेली. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हा. गास गावचं चर्च त्याच्या नावाचं आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांबरोबर घाटावर गेल्या.

(नाशिक. गोदाकाठ. नारोशंकराच्या देवळाची घंटा.)

त्यांतली ही एक. मोठ्याने बडबड करणाऱ्याला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो, तीच. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे, तिच्यावरचा क्रूस आजही दिसतो. एके काळी या घंटा वसईकरांना मिस्सेला बोलवत होत्या. गेली जवळपास तीन शतकं त्या शंकराच्या दारात आहेत. भीमाशंकरला तिच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसाला तो क्रूस कधी खुपला नाही. ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. नवी आणावी लागणार नाही.

देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो. हात आपोआप वर जातो. चर्चची घंटा मात्र मनोऱ्यात असते, आणि ती गावासाठी असते. मिस्सेची वेळ ती सांगते. दुपारी बाराला आणि संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेसाठी वाजते. गावात कुणी वारलं तर ती थांबून थांबून वाजते, आणि वाडीत काम करणारा माणूस कुदळ खाली ठेवून विचारतो, कोण गेलं? म्हणून दोर लोंबताना दिसला तरी हात लावू नका.

(चर्चचा दरवाजा. संगमरवरी वाडगा. त्यात बुडणारी बोटं.)

दारातलं हे पाणी पवित्र केलेलं आहे. येणारा ख्रिस्ती माणूस बोटं बुडवून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करतो. हे तीर्थ नव्हे, ओंजळीत घेऊन पिऊ नका. पाहुण्याने काहीच न करता पुढे गेलं तरी चालतं.

चपलांबद्दल सगळ्यांत जास्त विचारलं जातं. वसईतल्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये चपला घालूनच आत जातात. आराधनेच्या छोट्या चॅपेलबाहेर मात्र चपलांची रांग दिसते. खेड्यापाड्यांतल्या कित्येक चर्चमध्ये सतरंजीवर बसतात, तिथेही त्या बाहेरच निघतात. उंबऱ्याबाहेर पाहिलं की कळतं. टोपी आणि हेल्मेट पुरुषांनी काढायचं. बायकांनी डोकं झाकायचा नियम पूर्वी होता, १९८३ च्या धर्मसंहितेत तो उरला नाही. तरी या आजींचा पदर डोक्यावर आहे, तो त्यांच्या सवयीने. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, एवढंच. देवळात जाताना घालतो तेच.

(आतलं दृश्य. बाकांच्या रांगा. वेदीजवळ तांबडा दिवा.)

तो तांबडा दिवा पाहा. तो पेटलेला असला, की शेजारच्या सोनेरी पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला आहे असं समजायचं. कॅथलिक माणूस बाकात शिरण्याआधी उजवा गुडघा जमिनीला टेकवतो, तो त्या पेटीकडे तोंड करून. आपल्याला हे अवघड वाटतं. टेकवू का नको? चुकलं तर?

नमस्कार करा. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातल्या चर्चसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. गुडघा टेकवण्याऐवजी हात जोडून लवून वंदन करता येईल. पंचांग प्रणाम करता येईल. जमिनीवर बसता येईल, पादत्राणं बाहेर ठेवता येतील. आरती ओवाळता येईल, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावता येईल. वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो कपाळाला लावता येईल. सगळीकडे सगळं रुजलं असं नाही. पण मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते आता पडद्यावर पाहा.

(संपूर्ण चर्च. माणसं वळतात, एकमेकांना हात जोडतात. दहा सेकंद निवेदन नाही.)

ही १९६९ ची मान्यता येण्याच्या थोडंच आधीपर्यंत इथे मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत, लोक पाठीमागे जपमाळ ओढत. १९६२ ते १९६५ या काळात जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. वसईत ती भाषा मराठी. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चर्चमधली मराठी किती मुरलेली आहे, ते त्यावरून समजावं. पेटी आणि तबल्यावरचं हे गाणं ऐका, आणि पाठीमागच्या बाकावर बसून गप्पा मारू नका. लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. ते गुडघ्यांवर आले तर तुम्ही शांत बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही.

पुढच्या बाकाच्या पाठीला, खाली, ही लांब फळी असते. तिला रेक्झिनची गादी आहे, मधोमध दोन खळगे पडलेले. वर्षानुवर्षं टेकलेल्या गुडघ्यांनी ते पडले आहेत. अनोळखी माणूस बसला की पाय तिच्यावर ठेवतो. ठेवू नका.

(कॉन्व्हेंटचं स्वयंपाकघर. पीठ कालवलं जातं.)

आता खरा मुद्दा. गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, यीस्ट नाही. पीठ इतकं सैल कालवतात की डावातून धार पडावी. दोन तापलेल्या पत्र्यांचा साचा, एका पत्र्यावर क्रूस कोरलेला. धार सोडायची, साचा मिटायचा, वाफेचा सुस्कारा निघतो आणि पापडाहून पातळ पांढरी पोळी बाहेर येते. ती लगेच कापली तर तडकते. म्हणून थोडी दमट होऊ द्यायची आणि मग गोल चकत्या पाडायच्या. रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या. उरलेली कातरणं डब्यात जातात, आणि शाळा सुटल्यावर आलेली मुलं ती कुरुमकुरुम खातात. सिस्टर त्यांना रागावत नाहीत. इथवर हे फक्त पीठ आहे.

वेदीवर हे बदलतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने उच्चारलेले शब्द फादर उच्चारतात, आणि त्यानंतर कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती चकती ख्रिस्ताचं शरीर असते. आठवण म्हणून नव्हे, खूण म्हणून नव्हे. प्रत्यक्ष. मग रांग लागते. फादर प्रत्येकापुढे चकती धरून म्हणतात, ख्रिस्ताचं शरीर. घेणारा म्हणतो, आमेन. म्हणजे, हो, मी हे मानतो.

मराठीत आपण याला ख्रिस्तप्रसाद म्हणतो, आणि घोटाळा या शब्दापाशी होतो. लहानपणापासून शिकवलंय, प्रसादाला नाही म्हणू नये. लग्नाला आलेला भला माणूस रांग पाहतो आणि यजमानांचा मान ठेवायचा म्हणून उठतो. त्याच्या मनात आदरच असतो. पण देवळात जो प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, त्याच नावाची ही गोष्ट इथे घेणं चुकीचं ठरतं. बाप्तिस्मा झालेला, धर्मशिक्षण घेऊन पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेला कॅथलिकच तो घेऊ शकतो. त्यालाही तासभर आधी काही खाता येत नाही, आणि मनावर मोठं पाप असेल तर आधी पापनिवेदन करावं लागतं. म्हणून रांग सुरू असताना काही ख्रिस्ती माणसंसुद्धा बाकावर बसून असतात. तुम्ही बसलात तर एकटे पडत नाही. शेजाऱ्याला जाऊ देण्यासाठी गुडघे तिरके करा, पुरे.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात माझ्या शेजारच्या पाहुण्यांनी तो हातावर घेतला आणि घरी आईला न्यावा म्हणून रुमालात बांधला. मिस्सा थांबली, फादरांनी तो हळूच परत मागून घेतला.

(वेदी, जवळून. फादर थाळी पुसतात.)

सगळ्यांनी घेऊन झालं, की फादर काय करतात पाहा. थाळीवरचे कण बोटाने पेल्यात सारतात. पेल्यात पाणी घालतात, तो विसळतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. मग पेला पुसतात. नऊ घड्यांचा कपडा पुन्हा मिटतो. आत, आत, आत.

हे दृश्य आम्ही फादरांची परवानगी घेऊन, एका जागी उभं राहून टिपलं. ज्या प्रार्थनेत भाकर बदलते, तेव्हा कॅमेरा बंद होता, म्हणून ती या फिल्ममध्ये नाही. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. वेदीच्या पायऱ्या चढू नका. फादर आणि वधूवर यांच्यामध्ये उभे राहू नका. ड्रोन आत आणू नका. नाताळच्या रात्री गोठा पाहायला येणाऱ्यांनाही सांगायचंय, मिस्सा चालू असेल तर गोठा बाहेरून पाहा. बाळ येशू तिथेच असणार आहे, मिस्सा संपल्यावर हवे तेवढे फोटो काढा.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये रीत वेगळी. फादरांऐवजी पाळक असतात, तांबडा दिवा आणि पेटी बहुधा दिसत नाही. तिथे प्रभुभोजनाच्या वेळी काय करावं, ते शेजारी बसलेल्यांनाच विचारा.

(वसईचा किल्ला. छप्पर नसलेलं फ्रान्सिस्कन चर्च. जमिनीवरच्या शिळा.)

किल्ल्यातलं हे चर्च. छप्पर गेलं, कमानी राहिल्या. लग्नाआधीचे फोटो काढायला इथे जोडपी येतात. उजेड सुंदर पडतो, कबूल. पण तुम्ही ज्यांवर तिपाई रोवता, त्या फरशा नाहीत. थडगी आहेत. वाकून पाहा. पोर्तुगीज अक्षरं आहेत, नाव आहे, घराण्याचं चिन्ह आहे. तळहात टेकवला तर खाचा हाताला लागतात. या दगडाखाली कुणीतरी निजलेलं आहे. बाजूने चाला. फोटो बाजूनेही चांगला येतो.

(पुन्हा गावातलं चर्च. मिस्सा संपली आहे.)

देवाला धन्यवाद, असं म्हणून लोक बाहेर पडतात. अंगणात भाजीचे भाव, मुलांच्या परीक्षा, कुणाच्या घरी कोण आजारी, याच्या गप्पा चालू होतात. इथे थांबा. कुणीतरी विचारेलच, कुठून आलात? चहा घ्याल?

आत आता फक्त त्या लाल लुगड्यातल्या आजी आहेत. बाकाच्या कडेला धरून त्या उठतात. गुडघा टेकवायला जातात, पण तो वाकत नाही.

(आजी तांबड्या दिव्याकडे पाहतात. हात जोडतात. कपाळापर्यंत नेतात.)