सीनियर फंडरेझर नेमताय? आधी त्याला शाळेत न्या

नमस्कार श्रोतेहो. शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती चाळल्या की हल्ली एक पद सारखं दिसतं, सीनियर फंडरेझर. कुठे त्याला हेड, रिसोर्स मोबिलायझेशन म्हणतात, कुठे पार्टनरशिप्स मॅनेजर म्हणतात, काम एकच, संस्थेसाठी पैसे उभे करायचे. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी की तीच जाहिरात, त्याच संस्थेची, काही महिन्यांनी परत दिसते. म्हणजे माणूस मिळाला नाही, किंवा मिळाला आणि टिकला नाही. मी बरीच वर्षं अशा संस्थांबरोबर काम करते, निवड समित्यांवरही बसते, म्हणून आज यावरच बोलायचं ठरवलंय, कारण या एका नेमणुकीवर खूप पोरांचं शिकणं अवलंबून असतं आणि आपण ती फार घाईत उरकतो.

आधी कशासाठी पैसे लागतात ते बघू. प्रथम ही संस्था १९९५ ला मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली आणि २००५ पासून तिचा 'असर' अहवाल येतो, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. घरोघरी जाऊन मुलांच्या हातात एक साधा उतारा द्यायचा आणि वाच म्हणायचं, वाचनाची चाचणी एवढीच. २०२४ च्या असरमध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के निघाली. २०२२ ला, कोविडनंतर, हाच आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा चांगली झालीये, ती शिक्षकांनी आणि गावातल्या ताया-दादांनी खपून केलीये, पण चारातली तीन मुलं अजून मागेच आहेत. आणि ती कोण आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बीडकडून दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची, गडचिरोलीतली, ज्यांच्या घरातली भाषा पुस्तकातल्या भाषेहून वेगळी आहे ती.

आता पैसा कुठे आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजासाठीच्या कामांवर, खर्च करायचे. यातला मोठा वाटा शिक्षणाकडे जातो, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राला भरपूर मिळतं. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्याच कायद्यात असंही लिहिलंय की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. आणि कंपन्या कुठे आहेत, तर चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूज, बुटीबोरी, ठाणे-बेलापूर पट्टा. धडगावला कुठला कारखाना आहे? त्यामुळे होतं काय की चाकणच्या आजूबाजूच्या एकेका शाळेला दोन-दोन कंपन्यांचे स्मार्ट बोर्ड लागतात आणि जिथे मूल वाचतच नाही तिथपर्यंत पैसा पोचत नाही. शिक्षणातली विषमता आहेच, तिच्यावर ही देणग्यांची विषमता येऊन बसते.

माझं म्हणणं असं की सीनियर फंडरेझरचं खरं काम इथे सुरू होतं. चाकणच्या कंपनीला चाकणमध्ये पैसे द्यायला लावणं हे ज्युनियर माणूसही करेल, तो फॉर्म भरेल, प्रेझेंटेशन करेल, होऊन जाईल. चाकणच्या कंपनीचा पैसा धडगावला नेणं, याला सीनियर लागतो. त्याला माहीत पाहिजे की कॉर्पोरेट मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात स्पष्ट केलंय की हे स्थानिक प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. सीएसआर हेड म्हणाला 'मॅडम, आमच्या पॉलिसीत लोकल एरियाच आहे', तर तिथे न घाबरता, न भांडता, हे सांगता आलं पाहिजे आणि पुढे त्या कंपनीच्या सीएसआर कमिटीला गाडीत बसवून पाड्यावर नेता आलं पाहिजे.

आपल्याकडे हे काम करणारी माणसं होती हो, आणि फार मोठी माणसं होती. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, आणि त्याच जोडीला विधवांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं लोकांकडे जाऊन मदत मागत राहिले. १८९६ ला आश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ, आणि १९२० ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, त्या काळातले १५ लाख. लोक त्या १५ लाखांबद्दल बोलतात. मला त्याच्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण लहान लहान देणग्या, प्रत्येकीचा चोख हिशोब आणि लोकांचा बसलेला विश्वास यावर ती मोठी देणगी उभी होती. नंतर वयाची सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका फिरले, विद्यापीठाची माहिती देत आणि मदत गोळा करत. आणि १९३६ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायला ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं.

तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, आणि मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडलं. मुष्टिफंडात घरोघरच्या बायका रोज मूठ-मूठ धान्य बाजूला काढायच्या. ज्या घरातून मूठभर धान्य जातं ते घर मग त्या वसतिगृहाकडे आपलं म्हणून बघतं, हे भाऊरावांना पक्कं कळलेलं होतं. आज आपण त्याला डोनर एंगेजमेंट म्हणतो.

तर उमेदवारात बघायचं काय? बहुतेक संस्था बघतात ओळखी. 'यांच्याकडे कॉन्टॅक्ट आहेत' असं ट्रस्टी एकमेकांना सांगतात आणि सिलेक्शन झालं. ओळखीने पहिली मीटिंग मिळते, दुसरी मिळत नाही. दुसरी मिळते ती काम माहीत असल्यावर. म्हणून माझा आग्रह आहे की शेवटच्या फेरीत आलेल्या उमेदवाराला ऑफिसात बसवून ठेवू नका, दोन दिवस फील्डवर न्या. वर्गात मागच्या बाकावर बसू द्या, गावात शिकवणाऱ्या ताईशी बोलू द्या, पालकांकडे चहा होऊ द्या. मग संध्याकाळी सांगा की जे बघितलंत त्यावर एका देणगीदाराला दीड पानाचं पत्र लिहा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, चालेल. त्या पत्रात कळतं सगळं. मुलाला बिचारं करून लिहिलंय की ते मूल काय शिकलं, कुठे अडलं हे लिहिलंय, खर्चाचा आकडा आलाय की नुसत्याच भावना आल्यात, मुलाचं खरं नाव आणि फोटो आईबापाला न विचारता टाकलाय का. मी अशी पत्रं वाचते तेव्हा एक गोष्ट नेहमी बघते, त्या गावातल्या ताईचा उल्लेख आहे का, कारण शिकवणारी ती आहे.

आणि इथेच सगळ्यात अवघड पैसा येतो, पगाराचा. टॅब द्यायला लोक तयार, वाचनालयाची कपाटं द्यायला तयार, भिंती रंगवायला तर कंपनीचे कर्मचारी शनिवारी स्वतः येतात आणि छान रंगवतात, पण त्या ताईचं दर महिन्याचं मानधन द्या म्हटलं की शांतता. आणि मूल वाचायला शिकतं ते माणसामुळे. जो फंडरेझर तीन वर्षांसाठी शिक्षकांचं मानधन मंजूर करून आणतो त्याला मी सीनियर म्हणेन, बाकी बिझनेस कार्डवर काय छापायचं ते छापा.

याच्याच जोडीला ओव्हरहेडचा प्रश्न. बरेच सीएसआर मॅनेजर सांगतात की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको, कायदा आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, संस्थेच्या खर्चावर नाही. हे ज्याला माहीत नाही तो गुपचूप मान डोलावतो आणि मग अकाउंटंटचा पगार, ऑफिसचं भाडं, ऑडिटची फी कुठून द्यायची म्हणून संस्था वर्षभर ओढाताण करत बसते. परदेशी देणगीचा नियम वेगळा, तिथे २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आला, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत आणि ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. अमेरिकेतली, दुबईतली आपली मराठी मंडळी मनापासून द्यायला तयार असतात, तेव्हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी आहे की नाही हे पहिल्याच फोनवर सरळ सांगणारा माणूस हवा. आणि छोट्या देणगीदारांचं म्हणाल तर नव्या करप्रणालीत ८०जी ची, म्हणजे देणगीवरची, करसूट मिळत नाही, त्यामुळे 'पावती घ्या, टॅक्स वाचवा' एवढ्यावर मागण्याचे दिवस संपत आलेत, आता कामावरच मागावं लागणार.

इंटरव्ह्यूत मी एक प्रश्न हमखास विचारते. देणगीदार म्हणतोय, रक्कम मोठी देतो पण तीन महिन्यांत सगळी मुलं वाचती झालेली दाखवा, आणि संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांचे पगार उरलेत, तुम्ही काय कराल? जो लगेच हो म्हणतो त्याची मला भीती वाटते, कारण तो शब्द पाळायला शेवटी शिक्षकांना आकडे फुगवावे लागतात. जो लगेच नाही म्हणतो त्यालाही मी थोडं खोदून विचारते. चांगला उमेदवार आधी विचारतो की मुलं आत्ता कुठल्या पातळीवर आहेत, बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची चाचणी, झालीये का, तीन महिन्यांत अक्षरओळख आणि शब्द इतकं दाखवता येईल का, आणि मग देणगीदाराला तेवढंच कबूल करतो.

कमिशनबद्दल स्पष्ट बोलते. 'आणाल त्याच्या दहा टक्के तुमचे' अशी ऑफर काही संस्था देतात, पगार परवडत नाही म्हणून. देऊ नका. जगभरातल्या फंडरेझर लोकांच्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. कारण मग माणूस मिळेल तो पैसा आणतो, संस्थेला हवा तो नाही, आणि एखाद्या आजीने पेन्शनमधून मुलांसाठी दिलेल्या हजारातले शंभर कोणाच्या खिशात गेले हे तिला कळलं तर ती परत देईल का? ठरलेला पगार द्या, नीट द्या. आणि ट्रस्टींपैकी कोणी म्हणालं की समाजसेवेत एवढा पगार कशाला, तर त्यांना विचारा की संस्थेचे हिशोब बघणारे सीए फुकट काम करतात का. पैसे उभे करणं हे शिकलेलं, कष्टाचं काम आहे, प्रपोजल, बजेट, अहवाल, युटिलायझेशन सर्टिफिकेट, सततचे नकार, प्रवास, हे सगळं ते माणूस करतं आणि त्याच्यामागेही घर असतं.

एक गोष्ट संस्थाचालकांना. नवीन माणूस आला म्हणजे तुमची सुटका झाली असं होत नाही. मोठ्या देणगीदाराला संस्थेच्या प्रमुखांशी बोलायचं असतं, तेव्हा महिन्यातले काही दिवस त्यांच्याबरोबर मीटिंगला जावं लागेल. ट्रस्टींनी आपल्या ओळखी स्वतः फोन करून जोडून द्याव्या लागतील. मुलांच्या चाचण्यांचे आकडे मागितल्यावर ते फील्ड टीमकडून वेळेत यायला हवेत, नाहीतर फंडरेझर काय दाखवणार. आणि पहिलं वर्ष नाती जोडण्यात जातं, सहा महिन्यांत कोटी का नाही आले म्हणून माणसाला काढलंत तर त्याने पेरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं, पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून.

आणि ऐकणाऱ्यांमध्ये कोणी बँकेत, सेल्समध्ये, कंपनीच्या सीएसआरमध्ये काम करणारे असतील आणि मनात येत असेल की आपण इकडे यावं, तर जरूर या, तुमची फार गरज आहे. फक्त ऑफर घेण्याआधी संस्थेकडे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागा, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी), ८०जी आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर पैसा घेण्यासाठी) ची नोंदणी बघा, मोठे देणगीदार किती आणि त्यातला एक गेला तर काय होईल ते विचारा, आणि फील्डवर न्या म्हणा. नेत नसतील तर विचार करा.

वेळेचंही सांगते. कंपन्या वर्षाचा सीएसआर आराखडा साधारण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरवतात, आणि मार्चमध्ये जो उरलेला पैसा घाईघाईने वाटला जातो त्यावर तीन वर्षांचा कार्यक्रम उभा राहत नाही. म्हणजे एप्रिल-मेच्या मीटिंगमध्ये तुमचं प्रपोजल टेबलावर हवं असेल तर माणूस जानेवारीपर्यंत रुजू झालेला पाहिजे, आणि तो सीनियर असेल तर आधीच्या ठिकाणी त्याचा दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. म्हणजे जाहिरात गणपती झाले की लगेच काढा. दिवाळीच्या आधी इंटरव्ह्यू घ्या, आणि फील्डवर न्यायचे दोन दिवस शाळा चालू असतानाचे ठेवा. नमस्कार.