आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर इतकं मंद का?

नमस्कार मंडळी! सांगलीत आयर्विन पुलावर उभी आहे. खाली खांबापाशी बघा, कृष्णेत भोवरा पडलाय. त्यात उसाचं पाचट सापडलंय, पण ते लगेच बुडत नाहीये. आधी गरगर फिरतंय, मग हळूहळू आत सरकतंय.

कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूचंही तसंच. अंगातली फिरकी जिरल्याशिवाय त्याला आत जाता येत नाही, म्हणून तो भोवती फिरत राहतो आणि त्याची तबकडी होते. वायू मुबलक असला की ही तबकडी दाट, चपटी असते. थरावर थर घासून तापतात आणि ती उष्णता प्रकाश होऊन बाहेर पडते. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगमगती केंद्रं, झळाळतात ते यामुळेच.

आता आपल्या घरचं कृष्णविवर घ्या, सॅजिटेरियस ए स्टार. धनु राशीच्या दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. वजन जवळपास ४३ लाख सूर्यांएवढं! आसपासच्या ताऱ्यांचे वारे त्याच्याकडे वायू आणून टाकतात. तरी ते मिणमिणतंच. अवकाशातल्या चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये कळलं, की पकडीत आलेल्या वायूपैकी एक टक्काही आत पोचत नाही. बाकीचा बाहेर फेकला जातो.

पण जो पोचतो, तो तरी का उजळत नाही? मला सगळ्यात आवडतो तो भाग हा. सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डात हळदीचा भाव या तोंडाचा त्या तोंडी क्षणात पसरतो. दुपारी यार्ड रिकामं झालं, की सांगायला माणूसच भेटत नाही. इथला वायू त्या रिकाम्या यार्डासारखा विरळ. उष्णता मुख्यतः जड प्रोटॉनांकडे, प्रकाश टाकायचं काम हलक्या इलेक्ट्रॉनांचं, आणि दोघांची गाठच क्वचित पडते. त्यामुळे वायू निवत नाही, फुगतो, जाडजूड होतो आणि बरीचशी उष्णता पोटात घेऊनच आत पडतो. मुंबईत जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ रमेश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हेच गणित सॅजिटेरियस ए स्टारला लावून दाखवलं.

आणि आता नीट ऐका. आत टणक पृष्ठभाग असता, तर हा तापलेला वायू त्यावर आदळला असता आणि साठवलेली सगळी उष्णता तिथे प्रकाश होऊन बाहेर आली असती. तसं काही दिसत नाही. उष्णता आत जाते ती जातेच. म्हणून तिथे पृष्ठभाग नसून घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही अशी सीमा आहे, याचा एक भक्कम पुरावा म्हणजे हा मंदपणाच!