युसॉल: जखमेवरचं क्लोरीन

[दृश्य: सरकारी रुग्णालयातला सर्जरी वॉर्ड. सकाळची वेळ. ड्रेसिंगची ट्रॉली.]

डॉक्टरांचा राउंड संपला की सर्जरी वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली फिरायला लागते. गॉजचा डबा, चिमटे, किडनी ट्रे आणि तपकिरी काचेची एक बाटली. बूच काढलं की पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास सुटतो. समोरच्या खाटेवर मधुमेहाचा रुग्ण आहे. तळपायाला खोल जखम, तिच्या तळाशी पिवळट, चिकट थर. सिस्टर गॉज त्या द्रावणात भिजवतात, थोडं पिळतात आणि जखमेत हलक्या हाताने भरतात. दोन-चार दिवस असं केलं की तो मेलेला थर सुटून यायला लागतो.

हे युसॉल. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत घडलेल्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांचे हात या वासाला सरावलेले आहेत.

[दृश्य: पहिल्या महायुद्धातले खंदक. जुनी छायाचित्रं.]

युसॉल जन्मलं १९१५ साली, स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा विद्यापीठात. फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर खंदक खणलेले होते ते पिढ्यानपिढ्या शेणखत घातलेल्या शेतांत. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसताना ती माती आणि मळलेल्या कपड्याच्या चिंध्या आत घेऊन जायचा. मग जखम सडायची, स्नायूंत वायू भरायचा, पाय कापावा लागायचा, आणि तरीही जवान वाचेलच असं नसे. पेनिसिलिन अजून कुणाला माहीत नव्हतं.

एडिंबरातले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स लॉरेन स्मिथ आणि त्यांचे सहकारी स्वस्त, आघाडीवरच बनवता येईल असं जंतुनाशक शोधत होते. त्यांनी ब्लीचिंग पावडर आणि बोरिक आम्ल समभाग मिसळलं. दोन्ही साडेबारा-साडेबारा ग्रॅम, एक लिटर पाणी. हलवायचं, काही तास ठेवायचं, गाळायचं. झालं औषध. कोरडी पूड पोत्यातून आघाडीवर नेता येत होती, पाणी तिथे घालायचं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या लष्करी रुग्णालयात शल्यविशारद अलेक्सी कॅरेल आणि रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन जखमेत रबरी नळ्या ठेवून दर दोन तासांनी हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण सोडत होते. दोन्ही ठिकाणी घटक एकाच कुळातले. एडिंबराच्या गटाने मात्र त्यातला खरा मारेकरी नेमका ओळखला होता: हायपोक्लोरस आम्ल.

[दृश्य: आकृती. रेणू आणि जिवाणूची भिंत.]

एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन, एक क्लोरीन. ब्रोमिन शोधणाऱ्या आंत्वान बालार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३४ साली ते पहिल्यांदा ओळखलं. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, साडेसातच्या आसपास असला, की यातले अर्धे रेणू अखंड राहतात आणि अर्धे हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात. जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित असतो, म्हणून भारित रेणू बाहेरच अडतो. अखंड रेणूवर भार नसतो. तो सरळ आत शिरतो, प्रथिनं मोडतो, पेशीची यंत्रणा बंद पाडतो. सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत तो भारित रूपापेक्षा ७० ते ८० पट प्रभावी असल्याचं शिकवलं जातं.

आता त्या बोरिक आम्लाचं काम लक्षात येईल. ब्लीचिंग पावडरमधला चुना द्रावण अल्कधर्मी करतो, बोरिक आम्ल पीएच खाली आणतं. शंभर वर्षांपूर्वी, खंदकातल्या घाईत, इतका नेमका विचार या माणसांनी केला, याचं मला फार मोल वाटतं.

हाच रेणू आपलं शरीरही बनवतं. न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी जंतू गिळते आणि स्वतःच्या आतल्या बंद कप्प्यात, रक्तातल्याच मिठाच्या क्लोराइडपासून, हायपोक्लोरस आम्ल तयार करते. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) हिरव्या रंगाचं असतं. पुवाला हिरवट झाक येते तिच्यामागे बऱ्याचदा हेच विकर असतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या.]

मग युसॉलवर टीका का झाली? कारण पेशी हे आम्ल मोजून-मापून, कप्प्यात वापरते आणि आपण ते जखमेत ओततो. युसॉलमध्ये उपलब्ध क्लोरीन पाव टक्क्याच्या घरात असतं. १९८५ साली ब्रिटनमध्ये सशाच्या कानावर झालेल्या प्रयोगात दिसलं, की युसॉलसारखी हायपोक्लोराइटची द्रावणं नव्याने धरलेल्या मांसातल्या केशवाहिन्यांमधला रक्तप्रवाह थांबवतात. सडलेली जखम साफ करताना युसॉल कामी येतं. जखम लालसर, दाणेदार झाली, भरू लागली की ते थांबवलं पाहिजे. हा बदल सिस्टरच्या डोळ्यांना आधी दिसतो, म्हणून त्यांचं म्हणणं राउंडला विचारलं जायला हवं.

[दृश्य: विद्युत अपघटनाचं यंत्र. मिठाचं पाणी, दोन इलेक्ट्रोड.]

आज बाजारात हायपोक्लोरस आम्लाची नवी द्रावणं आहेत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून ती बनवतात. पीएच उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी ठेवतात, म्हणजे बहुतेक रेणू अखंड राहतात आणि युसॉलच्या कितीतरी कमी तीव्रतेत काम भागतं. मधुमेही पायाच्या जखमा, भाजलेल्या जखमा, पापण्यांच्या कडांचा दाह, दंतवैद्याच्या खुर्चीतल्या पाण्याच्या नळ्या, वॉर्डातल्या खाटा-टेबलं असा त्यांचा वापर पसरतो आहे. अल्कोहोलला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंवरही ते चालतं, फक्त तीव्रता आणि वेळ पुरेसा द्यावा लागतो.

पण हा रेणू समोर येईल त्याच्याशी भिडतो. पू, रक्त, धूळ, काहीही. जंतूपर्यंत पोचण्याआधीच खर्च होतो. म्हणून आधी धुवा, पुसा, मग द्रावण लावा. ऊन लागलं, उष्णता लागली की तो बाटलीतच संपतो. ती बाटली तपकिरी असते ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रक्त सांडल्यावर फरशीवर ओततात ते 'हायपो', म्हणजे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट, जखमेसाठी नाही. माणसाच्या अंगावर फवारण्यासाठी तर नाहीच. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेशातल्या बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर असं द्रावण फवारलं गेलं. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नका, असं बजावलं. ते कुणी बजावावं लागू नये. आणि घरात ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

[दृश्य: गावातली सार्वजनिक विहीर. जलसुरक्षक टीसीएल पावडरचं द्रावण सोडतो आहे.]

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच, पडते तेव्हा पाण्यात तयार होतं तेही हायपोक्लोरस आम्लच. नंतर नळाचं पाणी नळीत घेऊन ओटी टेस्टचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकतात. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. वॉर्डातल्या युसॉलच्या बाटलीची अशी चाचणी रोज कोण करतं? मीठ, पाणी आणि वीज तालुक्याच्या रुग्णालयातही असते, तिथे हे द्रावण जागेवर बनवता येईल. मात्र यंत्राच्या खरेदीतच क्लोरीन आणि पीएच मोजायच्या पट्ट्यांचा खर्च धरा, द्रावण बनवल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि रोजचं मोजमाप नोंदवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर द्या.