खिडकी उघडी, घरघर बंद?

[दृश्य: रात्र. चौथ्या मजल्यावरची खिडकी, ग्रिलवर वाळत घातलेला पंचा. मागे ट्रकचे दिवे.]

रात्रीचे साडेअकरा. ठाण्यातला घोडबंदर रोड. बंदराकडून निघालेले कंटेनर माजिवड्याला वळतात, मानपाडा, कासारवडवली मागे टाकतात आणि गायमुखच्या दिशेने सरकत राहतात. चौथ्या मजल्यावर काकूंच्या शोकेसमधले कप किणकिणायला लागतात. काकू उठतात, सरकती काच ओढून घेतात. आवाज थोडा बसतो. दहा मिनिटांत अंगाला घामाच्या धारा. काच पुन्हा उघडते.

"वारा हवा तर हॉर्न ऐका," काकू म्हणतात, "नाहीतर बसा उकडत."

काचवाला डबल ग्लेझिंगचा, म्हणजे दुहेरी काचेचा, भाव सांगतो, पण एक हिशेब सांगत नाही. खिडकीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाहेरच्या आवाजाच्या ऊर्जेतला साधारण शंभरावा भाग आत येणारच. म्हणजे काच कितीही महागडी बसवा, आवाज फार तर २० डेसिबलने उतरणार. सरकत्या खिडकीच्या रुळातली फट, पावसाचं पाणी जायला ठेवलेली भोकं, एवढं पुरतं त्याला. आणि खिडकी उघडी ठेवली, तर प्रश्नच मिटला.

[दृश्य: उंच इमारती, ग्रिल, वाळणारे कपडे.]

सिंगापूरची गतही आपल्यासारखीच. दमट हवा, उंच इमारती, खिडक्यांना ग्रिल, खाली वाहता रस्ता. तिथल्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात भान लॅम, वून-सेंग गान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या फ्लॅटमध्ये असते तशी एक खोली प्रयोगशाळेत उभी केली. खिडकी सताड उघडी ठेवली आणि तिच्या ग्रिलवर २४ छोटे स्पीकर बसवले. बाहेरून रस्त्याचा, आगगाडीचा, विमानाचा आवाज सोडला. जुलै २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले: आत येणारा आवाज १० डेसिबलपर्यंत कमी झाला होता. काच न लावता.

दहा डेसिबल म्हणजे किती? ऊर्जेच्या हिशेबात एक दशांश उरला. कानाला मात्र आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवस आणि रात्र यांच्यात कागदावर तेवढंच अंतर आहे, दहाचं.

आता, आवाज कमी करायला स्पीकर? ऐकायला उफराटं वाटतं.

[दृश्य: घरातला झोपाळा. कड्यांचा करकर आवाज.]

झोपाळा आठवा. तो तुमच्याकडे येत असताना नेमक्या क्षणी उलटा रेटा दिला, की जागच्या जागी थांबतो. तोच रेटा तो परत जाताना दिला, तर आणखी उंच जातो. आवाज म्हणजे हवेचा झोपाळाच: दाब वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो. बाहेरचा मायक्रोफोन येणारी लाट आधी ऐकतो, आणि ती खिडकीत पोचते त्याच क्षणी स्पीकर उलटी लाट सोडतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पाउल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. आज लोकलमध्ये कानांवर असतात त्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्येही हेच चालतं. फक्त तिथे सांभाळायचं असतं ते कानाजवळचं चिमूटभर आकाश. खोलीत लाटा भिंतींवर आपटून दाही दिशांनी फिरतात, तिथे त्यांना गाठणं अवघड. म्हणून नाक्यावरच अडवायचं, खिडकीतच.

वेळ साधायला मात्र मिनिटं-सेकंद नसतात हाताशी. एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटीमीटर, म्हणजे फूटपट्टीहून थोडं जास्त, पुढे जातो. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार झोके घेणाऱ्या, सुराचा अख्खा झोका तेवढ्यातच पुरा होतो. अर्ध्या मिलिसेकंदाची चूक झाली, तर आवाज मरायच्या ऐवजी दुप्पट जोमाने आत येणार.

आणि इथेच काकूंच्या हॉर्नची गोष्ट येते.

[दृश्य: सिग्नल. मागच्या गाडीचा हॉर्न, लांबलचक.]

सिंगापूरची ही खिडकी चांगली चालते ती साधारण ३०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान. रस्त्यावर घासणाऱ्या टायरची सळसळ, दूरवरची अखंड घरघर, यातलं बरंचसं त्या पट्ट्यात येतं. त्याच्या खाली गेलात, तर छोट्या स्पीकरचा दम संपतो. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर त्याचा मूळ ठोका ७५ हर्ट्झचा. ती लाट साडेचार मीटर लांब, अख्ख्या बेडरूमएवढी. काकूंचे कप किणकिणतात ते अशाच खर्जाने. तळहाताहून लहान स्पीकर तेवढी हवा हलवणार तरी कशी?

वरच्या बाजूला अडचण उलटी. ४००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेआठ सेंटीमीटरची. स्पीकर एकमेकांपासून त्याहून लांब, त्यामुळे लाट मधल्या मधे निसटते. गाडीच्या हॉर्नचा मूळ सूर चार-पाचशे हर्ट्झचा असला, तरी त्याची धार असते दोन-तीन हजारांच्या वरच्या सुरांत. आपला कानही तिथेच सगळ्यात तिखट, कारण कानाच्या अडीच सेंटीमीटरच्या नळीत नेमका तीन हजारांच्या आसपासचा सूर घुमतो. थोडक्यात, हॉर्न जिथे बोचतो तिथे खिडकी दुबळी. शिवाय तो सांगून येत नाही. घरघर सतत चालू असते, तिचा ताल धरता येतो.

म्हणून "शांत खिडकी आली" अशा बातम्या वाचताना मी आधी हर्ट्झचा आकडा शोधतो. डेसिबलचा नंतर.

विजेशिवायही प्रयत्न झालेत. २०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठात त्रिमितीय छपाईने एक कडं बनवलं. मधून हवा जाते, पण कड्याच्या आतल्या वळणदार वाटांतून फिरून आलेला आवाज मधून आलेल्या आवाजाला छेद देतो. प्लास्टिकच्या पाइपाच्या तोंडाला बसवल्यावर त्याने ९४ टक्के आवाज अडवला. पण एका ठरावीक सुराभोवतीच. सतत एकाच सुरात घोंघावणाऱ्या पंख्याला ते शोभेल. घोडबंदर रोड एका सुरात गात नाही.

[दृश्य: काकू चष्मा लावून फोनवर फोटो बघतायत.]

काकूंना त्या ग्रिलचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला, स्पीकर मोजले.

"चोवीस? मग पंचे कुठे वाळत घालायचे?"

थोडं थांबून पुन्हा, "आणि अरे, येऊरच्या बाजूने तिरका पाऊस येतो ना इथे. भिजणार नाहीत ते?"

प्रयोगशाळेतल्या त्या खोलीवर पाऊस पडत नव्हता.

[दृश्य: ग्रिल, पंचा. दूर एक हॉर्न. काच अर्धी सरकते.]