'आलो' म्हणणारी बाई टीव्हीवर कुठं आहे?

नमस्कार, श्रोतेहो.

आमची आत्ती कोल्हापूरजवळच्या कागल भागातली, सत्तरी ओलांडलेली. उंबऱ्यातून आत येताना ती आजही म्हणते, "आलो गं बाई, पाणी दे." 'आले' नाही, 'आलो'. "बाजारला गेलतो", "मी जेवलो". आमच्या भागातल्या कितीतरी बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता भाजी निवडणाऱ्या कुणाच्या तोंडीही हेच असेल. बाहेरच्याला वाटतं, चुकली. पण चूक कसली? 'मी' म्हणताना बाई आणि गडी क्रियापदाचं एकच रूप वापरतात, इतकं सरळ व्याकरण आहे ते.

आता कोल्हापूरच्या नावावर चाललेल्या मालिका आठवा. तांबडा-पांढरा रस्सा येतो, तालीम येते, फेटा, मिशा, 'नाद खुळा', 'लई भारी'. त्यात 'आलो' म्हणणारी बाई किती वेळा ऐकलीत?

आमच्या गल्लीतली एक मुलगी अशाच एका मालिकेच्या ऑडिशनला गेली होती. "अस्सल कोल्हापुरी बोल," असं सांगितलं तिला. ती घरात बोलते तशी बोलली, "आई, मी आलो." लगेच थांबवलं. "लोकांना वाटेल तू चुकलीस. 'आले' म्हण, आणि शेवटी एक 'बगा' जोड." काम मिळालं नाही याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. पण संध्याकाळी कट्ट्यावर बसून तिनं मला विचारलं, "काका, मग मी बोलतो ते कुठलं?" त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

हे का होतं, तेही बघितलं पाहिजे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटं उरतात, आणि ती रोज भरायची असतात. आज लिहिलेला सीन उद्या-परवा शूट होतो. त्यात टीआरपी. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या 'बार्क' संस्थेचे आकडे २०१५ पासून दर आठवड्याला येतात. त्यासाठी टीव्हीला मीटर लावलेली घरं देशातल्या एकूण घरांच्या मानानं मूठभर, पण जाहिरातीचा दर त्यांच्यावर हलतो. अशा घाईत लेखक हुकमी शब्दच उचलणार. चंदगडचं कोकणीकडं झुकणारं बोलणं, शिरोळ-गडहिंग्लजकडचा कानडी हेल, एवढं ऐकत बसायला कुणाला सवड? लेखकाची ओढाताण मला कळते. पण घाई ही सबब रोज चालणार नाही. सेटवर चहा देणाऱ्या गावातल्या पोराला विचारलं असतं तरी दोन वाक्यं नीट झाली असती.

आणि हे गाव काही कॅमेऱ्याला नवखं नाही हो. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली इथं 'सावकारी पाश' केला. मूकपट होता. सावकारापायी जमीन गमावून शहरात मजुरीला गेलेला शेतकरी त्यात होता. एक शब्द न बोलता तो इथल्या मातीचा होता. पुढं १९३२ मध्ये 'प्रभात'नं 'अयोध्येचा राजा' काढला, तोही इथंच. मराठी भाषा पडद्यावर पहिल्यांदा बोलली ती कोल्हापुरात तयार झालेल्या बोलपटातून. त्याच गावाच्या तोंडी आज दुसऱ्याच कुणाची तरी बोली घातली जाते, याचं मला वाईट वाटतं. त्याहून वाईट हे, की आता आमची शहरातली पोरं टीव्हीतलं कोल्हापुरी शिकून तेच आपलं म्हणून बोलायला लागलीत.

मागच्या आठवड्यात आत्तीकडं गेलो होतो. मालिका लागली होती. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई तावातावानं बोलत होती, प्रत्येक वाक्यामागं 'बगा'. आत्तीनं थोडा वेळ ऐकलं.

"ही कुठली रं?"

"कोल्हापूरची दाखवलीय."

"न्हवं," आत्ती म्हणाली, "आपल्यातली न्हवं ही." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांब, आलो मी. दूध ठेवलंय गॅसवर."